चारशे ओळींच्या सी लायब्ररीला युनिट टेस्ट लिहायच्या का? (मालक म्हणतात, मशीन चालतंय न्हवं?)

उद्यमबागी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका छोट्या कारखान्यात आहे. हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांचे कंट्रोलर बनवतो आम्ही. कार्ड (सर्किट बोर्ड) घरचंच, वर कॉर्टेक्स एम० हा छोटा प्रोसेसर, कोड सगळा सी मध्ये. मुख्य प्रोग्रामच्या खाली एक फाइल आहे, चारशेच्या आसपास ओळी, सगळे तिला 'युटिल' म्हणतात. रिंग बफर (डेटाची गोल रांग), मॉडबस या मशीनांच्या संवादपद्धतीचा सीआरसी (संदेश बिघडला का ते सांगणारा ताळा), घड्याळाच्या चिपसाठी बीसीडीचं (दर चार बिटांत एक दशांश अंक) रूपांतर, तापमानाची सरासरी, टाइमआउट आणि स्ट्रिंगची चार-पाच फंक्शनं असा सगळा किराणा माल तिच्यात आहे. सहा वर्षांत तिघांनी हात लावलाय, त्यातले दोघं आता पुण्याला.

मला तिला युनिट टेस्ट लिहायच्या आहेत, म्हणजे एकेक फंक्शन वेगळं तपासणारा छोटा कोड. मालकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, मशीन चालतंय न्हवं? मागच्या महिन्यात आकडा नाचतोय म्हणून सरासरी सोळाची बत्तीस केली. टेबलावर लावून बघितलं, आकडा थांबला. कुठं टेस्ट लागली?"

यावर मला बोलायला सुचलं नाही. एवढ्याशा फाइलीला टेस्ट लिहिणं म्हणजे मुंगीला लगाम घालणं आहे का? आणि लिहायच्या तर कार्डावर चालवायच्या की लॅपटॉपवर?

कुंदा_प्रेमी | सोमवार, रात्री ९.४६

चालतंय तोवर हात लावायचा नाही, हे आमच्या आजीचं शिलाई मशीनबद्दलचं मत होतं. मशीन अजून चालतंय. आजीच्या बाजूने एक मत धरा.

जुना_फर्मवेअरवाला | सोमवार, रात्री १०.१५

मुंगीला लगाम नाही रे. उलट लिहायच्याच असतील तर इथेच लिही. मोटार, रिले, डिस्प्ले असल्या गोष्टींना टेस्ट लिहायला जीव जातो. तुझ्या या फाइलीत बहुतेक फंक्शनं अशी असणार की इकडून आकडा घातला की तिकडून आकडा येतो. त्यांना हार्डवेअर लागतच नाही.

माझा अनुभव सांगतो. पंपाच्या स्टार्टरचं कार्ड होतं. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर, आणि टाइमआउटला "आत्ताची वेळ मोठी आहे का (सुरुवात अधिक मुदत) पेक्षा" अशी सरळ तुलना. हा काउंटर ४९ दिवस आणि वर सतरा तासांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. त्या वळणावर ही तुलना फसते. बरोबर पद्धत म्हणजे आत्ताच्या वेळेतून सुरुवात वजा करायची, दोन्ही अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेले) ठेवून, आणि उरलेलं मुदतीशी ताडायचं.

आमचं कार्ड चार वर्षं खेड्यापाड्यात बिनतक्रार चाललं. का? तर लाइट एकोणपन्नास दिवस सलग कधी राहिलीच नाही! दर दोन-तीन दिवसांनी कार्ड आपोआप रीसेट. मग एका गिऱ्हाइकाने हौसेने यूपीएस बसवला आणि पन्नासाव्या दिवशी पंप बंदच होईना. टाकी वाहून अंगणात तळं. मी तिथे तीन दिवस बसून होतो, पण तीन दिवसांत काय दिसणार?

आता मी वेळ फंक्शनच्या आत वाचत नाही, बाहेरून देतो. मग टेस्टमध्ये घड्याळ ४२९४९६७२९० वर, म्हणजे भरायच्या अगदी तोंडावर, लावायचं, पुढे वीस मिलिसेकंद सरकवायचं आणि बघायचं. पन्नास दिवस थांबायची गरज नाही.

खानापूरचा_पाऊस | सोमवार, रात्री १०.२२

म्हणजे लाइट घालवणारे तुमचे क्वालिटी इंजिनिअर होते की काका 😂

शून्यसूचक | सोमवार, रात्री ११.०५

मी जरा उलट बाजू मांडतो. लॅपटॉपवर टेस्ट हिरवी झाली की लोक निवांत होतात आणि तिथेच घात होतो. लॅपटॉप आणि कार्ड ही दोन वेगळी गावं आहेत.

एक: आठ बिटी एव्हीआर प्रोसेसरवर इंट (पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा असतो. ३०० गुणिले २०० केलं की ६०,०००, आणि मर्यादा ३२,७६७. लॅपटॉपवर तेच गणित बिनबोभाट सुटतं. दोन: साधा कॅर हा एका बाइटचा प्रकार लॅपटॉपच्या जीसीसी कंपायलरमध्ये साइन्ड (उणे चालणारा) धरतात, एआरएमवर अनसाइन्ड. उणे एक ठेवून "शून्यापेक्षा लहान आहे का" विचारलंत तर एकीकडे हो, दुसरीकडे नाही. तीन, आणि हे खास धागाकर्त्यासाठी: मॉडबसच्या उत्तरात पत्ता, फंक्शन, बाइटसंख्या अशा तीन बाइटनंतर डेटा सुरू होतो. त्या चौथ्या बाइटवर ३२ बिटांचा पॉइंटर टेकवून वाचलंत तर इंटेल मुकाट वाचून देतो. तुमचा एम० हार्ड फॉल्ट मारतो, म्हणजे तिथेच कोलमडतो.

आणि इंटरप्टबद्दल (चालू काम मध्येच थांबवून घुसणारं काम) तर बोलायलाच नको. रिंग बफरला टेस्ट शंभर लिहा. इंटरप्ट नेमका हेड (पुढचा डेटा कुठे लिहायचा ती खूण) बदलताना आला तर काय होतं हे त्यातली एकही सांगणार नाही. मी बोर्ड, स्कोप (सिग्नल दाखवणारं यंत्र) आणि रात्रभर चालणारा लोड, एवढ्यावरच विश्वास ठेवतो.

चिकोडीची_लेक | मंगळवार, सकाळी ७.५०

@शून्यसूचक, दुखणी अगदी खरी आहेत. पण त्यातली दोन लॅपटॉपवरच पकडता येतात. टेस्ट बिल्ड करताना ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन्ही सॅनिटायझर (मेमरीच्या वगैरे चुका चालताना पकडणारे तपासनीस) चालू ठेवा. तुमचं ते चौथ्या बाइटवरचं वाचन ओळ क्रमांकासकट ओरडून सांगेल. कॅरच्या साइनसाठी जीसीसीला स्विच आहे, तीच टेस्ट दोन्ही प्रकारे बांधून चालवायची. राहिला १६ बिटांचा इंट, त्याला सिम्युलेटर किंवा खरं कार्ड हवंच. तिथे तुमच्याशी सहमत. इंटरप्टचंही मान्य.

पण म्हणून बीसीडीचा बग शोधायला स्कोप लावून रात्रभर बसायचं?

@उद्यमबागी, मी बेंगळूरला ड्रायव्हरचं काम करते. लिनक्स कर्नेलमध्येसुद्धा केयुनिट नावाची टेस्टची चौकट ५.५ आवृत्तीपासून आत आली, म्हणजे २०२० च्या सुरुवातीला. तिथेही ती आधी शोभते ती असल्याच छोट्या मदतनीस कोडला. तेव्हा लाजायचं कारण नाही.

सुरुवात अशी करा. युनिटी नावाची टेस्टची लायब्ररी घ्या, एक सी फाइल आणि दोन हेडर, बाकी काही बसवावं लागत नाही. पहिल्या दिवशी फक्त बीसीडी. इनपुट आठ बिटांचा, म्हणजे एकूण किमती २५६. निवडायच्या कशाला, सगळ्या चालवा. १६ बिटांचं फंक्शन असेल तर ६५,५३६, तेही चहा गार व्हायच्या आत होतं. टेस्टसाठी चांगली उदाहरणं निवडण्याची कला वगैरे वेब वाल्यांना लागते. आपल्याकडे अख्खी यादीच संपवता येते, हे लोक विसरतात.

सेम_सिक्स | मंगळवार, सकाळी ८.३०

ताई, युनिटी म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर ना? मी आत्ता तेच उतरवून घेतलं. कित्येक जीबी आहे 😟

चिकोडीची_लेक | मंगळवार, सकाळी ८.३४

अरे देवा. नाही रे बाळा, नाव एकच, माणसं दोन. तू काढून टाक ते.

कुंदा_प्रेमी | मंगळवार, सकाळी ८.३६

राहू दे की. भट्टीचा गेम बनव.

तिसरं_गेट | मंगळवार, सकाळी ९.१२

रेल्वे गेट पडलंय म्हणून लिहायला वेळ मिळाला. सीआरसीबद्दल एक कबुली देतो.

मी पहिल्यांदा टेस्ट लिहिली तेव्हा काय केलं, स्वतःच्याच फंक्शनला एक फ्रेम दिली, जे उत्तर आलं ते उचलून टेस्टमध्ये 'अपेक्षित' म्हणून चिकटवलं. टेस्ट हिरवी! होणारच की. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा, स्वतःच तपासायचा. फंक्शनची सुरुवातीची किंमत चुकली होती, एफएफएफएफ ऐवजी शून्य. माझी दोन्ही कार्डं एकमेकांशी मस्त बोलत होती, कारण दोन्हीकडे चूक तीच. बाजारातलं दुसरं मीटर जोडलं आणि सगळं गप्प.

अपेक्षित उत्तर बाहेरून आणायचं. '१२३४५६७८९' हे नऊ आस्की अंक मॉडबसच्या सीआरसीला दिले की हेक्समध्ये ४बी३७ यायला पाहिजे. जगभर हाच ताळा वापरतात. आणि तारेवर जाताना त्यातला खालचा बाइट आधी जातो, रजिस्टरमध्ये मात्र वरचा बाइट आधी, हेही टेस्टमध्ये लिहून ठेव. मी अजून विसरतो.

गेट उघडलं. बाकी नंतर.

ऊसवाला_इंजिनिअर | मंगळवार, दुपारी १.२०

स्ट्रिंगच्या फंक्शनांवर कुणीच बोललं नाही, आणि आमच्या जिल्ह्यात तर त्याचा हुकमी किस्सा आहे.

वजनकाट्याचं सॉफ्टवेअर होतं, उसाच्या गाड्यांचं. पावतीच्या रेकॉर्डमध्ये गावाच्या नावाला आठ बाइट आणि लगेच पुढे गाडीचा नंबर. आपल्या बेळगावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरी, शेवटचा शून्य (स्ट्रिंग संपल्याची खूण) धरून बरोब्बर आठ. ज्याने लिहिलं त्याला काय अभिमान वाटला असेल! कॉपी करायला सीचं स्ट्रएनकॉपी फंक्शन, मर्यादा आठ, म्हणजे सुरक्षित म्हणे.

१ नोव्हेंबर २०१४ ला सरकारने इंग्रजी नाव बदललं. नवीन स्पेलिंग आठ अक्षरी. स्ट्रएनकॉपीने आठही अक्षरं इमानदारीने भरली, शेवटच्या शून्याला जागाच उरली नाही, आणि ते फंक्शन असं की जागा नसेल तर शून्य लावतच नाही. छापणारं फंक्शन शून्य शोधत पुढच्या खान्यात घुसलं. पावतीवर गाव आणि गाडीचा नंबर एका दमात: बेळगावीकेए२२ आणि पुढचे आकडे. ड्रायव्हर लोक म्हणायचे, साहेब, गाव माझ्या गाडीच्या नावावर झालं काय?

"सात अक्षरं, आठ अक्षरं, नऊ अक्षरं" अशा तीन ओळींच्या टेस्टने हे दहा वर्षं आधी दिसलं असतं.

खानापूरचा_पाऊस | मंगळवार, दुपारी १.३१

हा किस्सा आमच्याकडे पुढच्या इयत्तेत आहे. एका दुकानाचा टोकनचा बोर्ड, मराठी आणि कन्नड दोन्हीत. नावाला वीस बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपली अक्षरं, मात्रा, सगळं प्रत्येकी तीन बाइट. मराठीत 'बेळगाव' सहा चिन्हं, १८ बाइट, बसलं. कन्नडमध्ये शेवटी एक वेलांटी जास्त, सात चिन्हं, २१ बाइट. आमचं 'सुरक्षित' फंक्शन एकोणीस बाइटवर कापायचं. सहा चिन्हं पूर्ण आणि सातव्याचा एक तुकडा. म्हणजे कन्नड लिपीत ठळक 'बेळगाव' आणि पुढे एक चौकोन.

दुकानदार हात जोडून म्हणाला, बाबा, उद्या सकाळच्या आत वेलांटी आण, नाहीतर माझी काच फुटंल.

अंगोळकर | मंगळवार, दुपारी १.४०

🤣🤣 सीमाप्रश्न बफरमध्येसुद्धा!

येळ्ळूरचा_बासमती | मंगळवार, दुपारी १.४४

तो खटला सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. टाइमआउट नसलेलं फंक्शन असंच असतंय.

अंगोळकर | मंगळवार, दुपारी १.५२

खरं तर यात हसण्यासारखं काय आहे? बोर्डावर मराठी आधी की कन्नड आधी, मुद्दा तो आहे. आमच्या गल्लीत

संपादक | मंगळवार, दुपारी २.०५

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. त्या विषयावर तीनशे प्रतिसादांचा धागा आधीच आहे, तिकडे जावे. इथे बफरवर बोलावे.

शून्यसूचक | मंगळवार, सायंकाळी ६.३०

वेलांटीचा किस्सा वाचून सकाळचा राग गेला. @चिकोडीची_लेक, अलाइनमेंटचं (त्या चौथ्या बाइटवरच्या वाचनाचं) तुमचं बरोबर निघालं. आमच्या जुन्या कोडवर सॅनिटायझर लावून बघितला, अकरा ठिकाणी ओरडला. त्यातली नऊ मी स्वतः लिहिलेली.

रिंग बफरबद्दल मात्र एक भर घालतो. हेड आणि टेल (डेटा कुठून काढायचा ती खूण) सारखे असले की बफर रिकामा की भरलेला, हा जुना घोळ. कुणी एक खाना कायम मोकळा सोडतो, कुणी वेगळी मोजणी ठेवतो. काहीही करा, पण टेस्टमध्ये एक बावळट नक्कल लिहा: साधा ॲरे, काढताना सगळं एक घर पुढे सरकवणारा. हळू असू दे. मग दोघांना एकच रँडम घालणं-काढणं लाखभर वेळा द्या आणि उत्तरं जुळवा. हुशार कोडला बावळट साक्षीदार लागतो. आणि रँडमचं सीड (ज्या आकड्यापासून तो क्रम सुरू होतो तो) छापून ठेवा, नाहीतर पडलेली टेस्ट पुन्हा पाडता येत नाही आणि मग केस उपटत बसा.

सेम_सिक्स | मंगळवार, सायंकाळी ७.१०

सर, फाइलीतली स्टॅटिक (त्याच फाइलीपुरती) फंक्शनं टेस्टला दिसत नाहीत. स्टॅटिक काढून टाकू का?

तिसरं_गेट | मंगळवार, सायंकाळी ७.२५

काढू नको. टेस्टच्या फाइलीत हेडरऐवजी ती सी फाइलच इन्क्लूड कर. दिसायला घाणेरडं, चालतं झकास.

चिकोडीची_लेक | मंगळवार, सायंकाळी ७.४०

मी करत नाही. आतली फंक्शनं बाहेरच्यांमधूनच तपासते, म्हणजे उद्या आतलं बदललं तरी टेस्ट मोडत नाहीत. पण जुन्या, कुणाच्या ना कुणाच्या कोडला पहिल्यांदा टेस्ट घालताना गेटदादांची युक्ती उपयोगी आहे, नाही म्हणत नाही.

विमानवेडा | मंगळवार, रात्री ८.१५

एरियन ५ आठवलं. ४ जून १९९६, ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांत कोंबला आणि रॉकेट गेलं. कोड एरियन ४ मधून तसाच उचललेला. तिथे तो आकडा कधी एवढा मोठा झालाच नव्हता.

कुंदा_प्रेमी | मंगळवार, रात्री ८.१९

टेस्टिंगच्या धाग्यावर एरियन यायला एवढा वेळ लागला, हा विक्रमच.

उद्यमबागी | शनिवार, रात्री ११.३५

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होतो, कारण सांगतो.

रोज संध्याकाळी कारखाना सुटल्यावर दोन तास बसलो. बीसीडी, २५६ च्या २५६ पास. जरा निराशच झालो. सीआरसी ४बी३७, पास. टाइमआउट नापास, काकांचाच बग, तसाच्या तसा. दुरुस्त केला. रिंग बफर पास. स्ट्रिंगमध्ये स्ट्रएनकॉपी दोन ठिकाणी, दोन्हीकडे शेवटचा शून्य हाताने लावला.

काल रात्री सरासरी घेतली. आमचा एडीसी (तापमानाचा सिग्नल आकड्यात बदलणारा भाग) बारा बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ४०९५. टेस्ट म्हणून सगळी रीडिंग ४०९५ भरली. सगळे आकडे सारखे तर सरासरी तीच, यात काय चुकणार असं वाटलं. स्क्रीनवर आलं: अपेक्षित ४०९५, मिळाले २०४७.

मला आधी टेस्टच चुकली वाटली. अर्धा तास तीच बघत होतो. मग बेरजेचा व्हेरिएबल बघितला. १६ बिटांचा, अनसाइन्ड. सोळा रीडिंग होती तेव्हा १६ गुणिले ४०९५ म्हणजे ६५,५२०, आणि मर्यादा ६५,५३५. पंधराने बसत होतं. ज्याने लिहिलं त्याने मोजून लिहिलं असणार, फक्त कॉमेंट टाकली नाही. मागच्या महिन्यात सोळाची बत्तीस केली. आता २०४७ पर्यंत सगळं बरोबर आणि २०४८ ला बेरीज ६५,५३६, म्हणजे शून्य.

आमची रेंज शून्य ते १२०० डिग्री. म्हणजे ६०० च्या खाली आकडा अगदी स्थिर, आणि ६०० ओलांडलं की कंट्रोलरला वाटणार भट्टी गार आहे. मग तो हीटर पूर्ण लावणार. टेबलावर आम्ही उकळतं पाणी आणि सोल्डरिंग गन एवढ्यावरच बघितलं होतं.

या बदलाची सात कार्डं तयार आहेत. एकही बाहेर गेलेलं नाही, सोमवारी दोन जाणार होती.

जुना_फर्मवेअरवाला | शनिवार, रात्री ११.४८

बापरे. भट्टीला वेगळा ओव्हर-टेंपरेचर कटऑफ आहे ना?

उद्यमबागी | शनिवार, रात्री ११.५०

आमच्या पॅनेलला आहे, स्वतंत्र. पण ही दोन नुसती कार्डं जाणार होती, पॅनेल गिऱ्हाइकाचं.

शून्यसूचक | शनिवार, रात्री ११.५६

धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. "सरासरी सोळाची बत्तीस केली" हे पहिल्या पोस्टमध्ये, पहिल्या दहा ओळींत आहे. आपण इतक्या जणांनी वाचलं, त्यावर चार दिवस अक्कल पाजळली, आणि बेरीज कशात ठेवलीय हे एकाने विचारलं नाही. मी धरून.

तिसरं_गेट | रविवार, सकाळी ८.०५

मीही नाही. आणि मी तर गेटवर अर्धा तास रिकामा होतो.

कुंदा_प्रेमी | रविवार, सकाळी ९.३०

मालक काय म्हणाले ते सांग की पहिलं!

उद्यमबागी | रविवार, सकाळी १०.१०

सकाळी घरी जाऊन लॅपटॉप दाखवला. बराच वेळ ती एक ओळ बघत बसले. मग म्हणाले, "दोन हजार सत्तेचाळीस कुठनं आलं ते कागदावर करून दाखव." करून दाखवलं. आत जाऊन कुंद्याची वाटी घेऊन आले, आणि विचारलं, "बाकीच्या फाइली किती हाईत?"

अकरा.